ब्रिटनचा वर्क व्हिसा नाकारला, तर कोर्टात जाता येतं का?

वसई-विरारमधून ब्रिटनच्या नोकरीसाठी अर्ज करणारे बोटांचे ठसे द्यायला मुंबईच्या व्हिसा केंद्रात जातात. त्यामुळे नकार आला की अनेकांना आधी मुंबई उच्च न्यायालय आठवतं. त्याचा उपयोग नाही. केंद्र फक्त अर्ज पुढे पाठवतं. निर्णय ब्रिटनच्या गृहखात्याचा असतो आणि तो भारतातलं न्यायालय रद्द करू शकत नाही. दाद तिकडेच मागायची, मात्र ती इथे बसूनही मागता येते.

‘स्किल्ड वर्कर’ व्हिसाच्या नकारावर नेहमीसारखं अपील नसतं. आधी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू’ मागावा लागतो. भारतातून अर्ज केला असेल, तर नकार मिळाल्यापासून २८ दिवसांत, ८० पौंड भरून. यात गृहखात्यातलाच दुसरा अधिकारी आधीच्या निर्णयात चूक झाली का ते तपासतो. राहून गेलेला कागद आता जोडला, तर तो सहसा विचारात घेत नाहीत.

तिथेही नकार कायम राहिला, की ‘ज्युडिशियल रिव्ह्यू’, म्हणजे न्यायालयीन पुनरावलोकन. हा दावा अप्पर ट्रायब्युनलमध्ये शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा तीन महिन्यांत दाखल करायचा. त्याआधी गृहखात्याला नोटिशीसारखं पत्र पाठवून उत्तरासाठी साधारण १४ दिवस देतात. मग दावा ऐकण्याजोगा आहे का, हे न्यायाधीश आधी ठरवतात. परवानगी नाकारली, तर दावा तिथेच अडतो.

इथे एक मोठा गैरसमज आहे. तुम्ही व्हिसाला पात्र आहात का, हे न्यायाधीश ठरवत नाहीत. निर्णय कायद्याप्रमाणे आणि योग्य पद्धतीने घेतला का, एवढंच पाहतात. जिंकलात तरी हातात व्हिसा पडत नाही. जुना निर्णय रद्द होतो आणि गृहखात्याला पुन्हा विचार करावा लागतो. हरलात, तर समोरच्याचा खर्चही अंगावर येऊ शकतो.

पठाण खटल्यात हेच दिसतं. ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या या भारतीयाने २०१५ मध्ये मुदतवाढ मागितली. अर्ज प्रलंबित असताना, मार्च २०१६ मध्ये त्याच्या कंपनीचा प्रायोजक परवाना रद्द झाला. गृहखात्याने त्याला कळवलंच नाही, जूनमध्ये थेट नकार दिला. खालच्या न्यायालयांत तो हरला. २३ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की वेळेवर न कळवणं अन्यायाचं होतं. पण त्याला जादा मुदत द्यायलाच हवी होती, हे न्यायालयाने मान्य केलं नाही.

म्हणून नकारपत्रातलं कारण नीट वाचा. कागद तुमच्याकडूनच राहिला असेल, तर नवा अर्ज बहुधा स्वस्त पडतो. त्याला कंपनीकडून नवं प्रायोजकत्व प्रमाणपत्र लागतं. दिलेला कागद अधिकाऱ्याने पाहिलाच नसेल, तर रिव्ह्यूला अर्थ आहे. आणि फसवणुकीचा ठपका असेल, तर गप्प बसू नका, कारण त्याने पुढची १० वर्षं अर्ज अडू शकतात. खोटा कागद एजंटने लावला असेल, तर त्याच्याविरुद्धची तक्रार मात्र इथलीच: मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयातल्या तुमच्या पोलीस ठाण्यात.