गोवारी मोर्चा, नागपूर (१९९४)

अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, या मागणीसाठी विदर्भातील गोवारी समाजाने २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर विधिमंडळावर काढलेला मोर्चा. नागपूर करारानुसार इथे भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनाला मोर्चे नवे नाहीत. हा मात्र नागपूरकरांना विसरता आला नाही.

गोवारी परंपरेने गुराखी. गावची गुरे राखणारा आणि दिवाळीत ढालपूजन करणारा हा समाज. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद होती. ‘गोवारी’ त्यात येत नाहीत, असे २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयाने ठरवले. तिथूनच संघर्ष पेटला.

सीताबर्डी परिसरात, मॉरिस कॉलेजजवळच्या टी पॉइंटवर पोलिसांनी मोर्चा अडवला. शिष्टमंडळाला भेटायला मंत्री येतील, अशी वाट पाहत लोक ताटकळले. संध्याकाळी लाठीमार झाला. पुढे कठडे, मागून रेटा. पळायला वाट उरली नाही. चेंगराचेंगरीत ११४ जण दगावले, बहुतांश बायका आणि मुले.

मुख्यमंत्री शरद पवार होते. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. चौकशीसाठी न्या. दाणी आयोग नेमला गेला. १९९५ मध्ये सत्तापालट झाला. गोवारींना विशेष मागास प्रवर्गात २ टक्के आरक्षण मिळाले. मूळ मागणी ही नव्हतीच. ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये मान्य केली, पण १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द ठरवला. मोर्चात दगावलेल्यांचे शहीद स्मारक झिरो माइलजवळ आहे.