शिवसागराच्या पाण्याखाली काय आहे?

मंडळी, रविवारी बामणोली आणि तापोळ्याला गाड्यांची रांग लागते. बोटीत फोटो निघतात, खाली 'मिनी काश्मीर' असं लिहिलं जातं. लोकांनी जरूर यावं, चार पैसे गावात राहतात. पण हे तळं काही देवाने दिलेलं नाही. ते माझ्या वडिलांपेक्षाही वयाने लहान आहे.

आधी नदी समजून घेऊ. आपल्याकडच्या बहुतेक नद्या सह्याद्रीत उगवतात आणि सरळ पूर्वेला जातात. कोयना तशी नाही. महाबळेश्वरहून निघून ती डोंगररांगेला समांतर दक्षिणेला धावते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला समोरासमोर भेटते. सोळशी आणि कांदाटी या नद्या वरच तिला मिळतात. ही सगळी जुनी जावळी. १६५६ साली महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून घेतली तीच. वासोटा आजही वरून या खोऱ्याकडे बघतोय.

कोकणच्या कड्याला इतकी खेटून वाहणारी नदी म्हणजे इंजिनिअरच्या दृष्टीने सोनंच. पाणी अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेला सोडायचं, खाली पोफळीला वीज करायची. १०३ मीटर उंचीचं धरण १९६४ साली पुरं झालं. आज त्यात १०५ टीएमसीच्या वर पाणी मावतं आणि प्रकल्पाची क्षमता १,९०० मेगावॅटच्या पुढे आहे. महाराष्ट्राचे कारखाने या विजेवर उभे राहिले, हे नाकारायचं कारण नाही.

पण खोऱ्यातली शंभरेक गावं उठली. भाताची खाचरं नदीकाठी होती, ती आधी गेली. कुणी सोलापूर-सांगलीच्या माळावर गेलं, कुणी रायगड-ठाण्याकडे. बरेच जण लांब गेलेच नाहीत, वर डोंगरात सरकले आणि नाचणी-वरीवर राहिले. गवळी-धनगरांचे वाडे तर आधीपासूनच वर होते. राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ साली. म्हणजे धरण आधी, कायदा बारा वर्षांनी!

मधे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेवर माणसं गेली. १९८५ साली अभयारण्य झालं, २०१० साली व्याघ्र प्रकल्प. वर सरकलेल्यांपैकी काहींना पुन्हा उठावं लागलं. घरटी एक तरी पोरगा मुंबईला माथाडीत, ही इथली रीतच होऊन बसली. आणि २०१८ साली प्रकल्पग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले, तेव्हा धरणाला पन्नासवर वर्षं झाली होती. मागणी तीच होती, जमीन द्या.

हे आज का सांगतोय? कारण याच खोऱ्यात आता 'नवीन महाबळेश्वर' येऊ घातलंय. सुरुवातीच्या आराखड्यातच सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली २३५ गावं होती. रस्ते येतील, पूल येतील, हॉटेलं येतील. रस्ता नको असं कोण म्हणेल? आजारी माणसाला लाँचमधून पलीकडे नेताना जीव कसा टांगणीला लागतो, ते काठावरच्या माणसाला विचारा.

प्रश्न एवढाच आहे, की हॉटेल कुणाचं आणि त्यात भांडी घासणारा कोण? मागच्या वेळी आपल्या आज्यांनी देशासाठी म्हणून जमीन दिली आणि कागद नंतर बघू म्हणाले. या वेळी कागद आधी बघा. सातबारा काढा, आराखडा ग्रामसभेत वाचून घ्या, हरकत असेल तर लेखी द्या. आणि दलालाला डोंगर विकायच्या आधी मुंबईतल्या भावाला एक फोन करा.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावांच्या खुणा उघड्या पडतात. पुढच्या मे महिन्यात याल तेव्हा पोरांना त्या दाखवा. तुमचं मूळ गाव पाण्याखाली असेल तर त्याचं नाव कमेंटमध्ये लिहा. निदान नावं तरी वर राहू देत.