रणांगणाहून परतलेलीं मनें

युद्धाचा इतिहास लिहिणारे तहाच्या तारखेपाशीं लेखणी खालीं ठेवितात. सैनिकाच्या मनांतील युद्ध मात्र त्या दिवशीं थांबतेंच असें नाहीं. ह्या उत्तरकांडाला वैद्यकानें वेळोवेळीं निरनिराळीं नांवें दिलीं. १९१५ सालीं चार्ल्स मायर्स ह्या ब्रिटिश डॉक्टरानें ‘शेल शॉक’ हा शब्द छापून प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धांत रणांगणावरील थकवा म्हणूं लागले. आणि आघातोत्तर तणाव हा स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मनोवैद्यकांच्या अधिकृत सूचींत येण्यास १९८० साल उजाडावें लागलें. ह्या मधल्या काळांत शास्त्राला जें नीट सांगतां आलें नाहीं, तें दूरचित्रवाणीच्या नाटकांनीं सांगितलें, असें आम्हांस वाटतें.

ह्यांत पहिला मान रॉड सर्लिंगचा. हा लेखक स्वतः छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपाईन्समध्यें लढला होता. तेथें विमानांतून टाकलेली अन्नाची पेटी अंगावर कोसळून त्याचा एक मित्र त्याच्या डोळ्यांदेखत मेला. युद्धानंतरही दुःस्वप्नांनीं त्याची पाठ सोडली नाहीं. वास्तव विषयांवरील त्याच्या लेखनाला जाहिरातदार कात्री लावीत. तेव्हां त्यानें अद्भुताचा आश्रय केला. ‘ट्वायलाइट झोन’ ह्या मालिकेंतील त्याच्या ‘द पर्पल टेस्टमेंट’ (१९६०) ह्या नाटिकेंत, जे सोबती लढाईंत मरणार त्यांच्या चेहऱ्यांवर एका लेफ्टनंटला आधींच एक विलक्षण प्रकाश दिसूं लागतो. वरिष्ठांना तें थकव्याचें लक्षण वाटतें. आणि एके दिवशीं तोच प्रकाश त्याला आरशांत दिसतो. जिवंत सोबत्याच्या ठिकाणीं त्याचें मरणच दिसावें, ही व्यथा इतक्या थोडक्यांत क्वचितच कोणीं मांडली असेल.

त्याच मालिकेंतील १९६४ सालचा, दुसऱ्या लेखकाचा ‘द एन्काउंटर’ हा भाग घरीं परतलेल्या सैनिकाचा आहे. शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्याला मारून आणलेली तलवार त्यानें माळ्यावर ठेविली आहे. ती टाकवत नाहीं आणि सोसवतही नाहीं. जपानी वंशाच्या अमेरिकनांवर त्यांत अन्याय झाल्यानें तो भाग पुढें अनेक दशकें पुनःप्रक्षेपणांतून वगळला गेला. दोष खरा, पण सैनिकाच्या अपराधी मनाचें चित्रही त्याबरोबर माळ्यावर गेलें.

कोरियन युद्धावरील ‘मॅश’ ही मालिका १९७२ सालीं सुरू झाली. तिचा २८ फेब्रुवारी १९८३ चा अखेरचा भाग दहा कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला. त्यांत शल्यवैद्य हॉकआय मनोरुग्णालयांत आहे. बसमध्यें एका बाईनें कलकलाट करणारी कोंबडी गुदमरवून मारली, असें तो सांगतो. हळूहळू उलगडतें, कीं ती कोंबडी नव्हती, तिचें तान्हें मूल होतें. आणि शत्रु जवळ असतां तें गप्प करावें, असें ओरडून सांगणारा तोच होता. येथें अद्भुताची गरज उरली नाहीं. मनानें स्वतःशीं केलेली लबाडी पुरेशी ठरली.

आजाराला नांव मिळालें म्हणजे उपचार सुरू होतात, हें खरें. परंतु नांव मिळण्यापूर्वींही तो आजार कोणीतरी भोगीत असतो. त्या मूक वर्षांची साक्ष ह्या नाटकांनीं जपली, हेंच त्यांचें इतिहासमूल्य होय.