गिटमधून संकेतस्थळ अद्ययावत करणे
फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिट या प्रणालीत नोंदवलेले बदल चालू संकेतस्थळावर आणण्याची प्रक्रिया. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट तयार केले ते लिनक्सच्या विकासासाठी. संकेतस्थळे चालवणे हा त्याचा हेतू नव्हता. समजा, रत्नागिरीजवळच्या पालीतील बागायतदाराने आपल्या संकेतस्थळावर हापूसच्या पेटीचा भाव बदलला. ‘कमिट’ केल्यावर बदल त्याच्याच संगणकावर राहतो. ‘पुश’ केल्यावर तो सर्व्हरवरील गिटच्या भांडारात (रिपॉझिटरीत) जातो, पण गिऱ्हाइकाला दिसणारी फाइल जुनीच असते. नवख्यांचे घोडे नेमके इथेच अडते. सर्व्हरवर ‘पोस्ट-रिसीव्ह’ ही छोटी स्क्रिप्ट ठेवली, की पुश पोहोचताच ती ‘चेकआउट’ करून फाइल बदलते. तरीही जुनाच भाव दिसला, तर आधी ब्राउझरची कॅश पुसावी. बदलांची नोंद साठवणारे ‘.गिट’ फोल्डर मात्र सार्वजनिक फोल्डरबाहेरच हवे. नाहीतर सगळा जुना इतिहास कोणालाही उतरवून घेता येतो.