अजिंठ्यात झेंडू नाही

वैशाख लागला की आमच्या अमळनेरात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, एकादशीला रथ निघतो आणि फुलांचे भाव चढतात. फुलं म्हणजे आपल्याकडे आधी झेंडू. म्हणूनच एका ओळखीच्या सजावटवाल्याने मला विचारलं, लग्नाच्या हॉलमध्ये अजिंठ्यासारखी फुलांची आरास करायचीय, झेंडू किती किलो घेऊ? म्हटलं, एक फूलही नको.

झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. युरोपीय जहाजं तिकडे पोचली १५०० च्या आसपास, त्यानंतर तो आपल्याकडे आला. अजिंठ्याचं १ आणि २ नंबरचं लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, वाकाटक हरिषेणाच्या काळातलं. मध्ये हजार वर्षं गेली की! तिथल्या चित्रकाराने झेंडू पाहिलाच नव्हता.

मग त्याने काय पाहिलं? कमळ. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातात एकच निळं कमळ आहे. अंगाला तीन ठिकाणी बाक, मान कललेली, आणि नजर खाली. आजूबाजूला माणसांची, झाडांची गर्दी असूनही डोळा त्या बोटांपाशी थांबतो. मला विचाराल तर पुष्परचनेचा सगळा धडा इथेच आहे. देठ थोडा वाकवा, भोवती गडद पानं ठेवा, फूल एकच.

छताचं गणित याच्या उलट. तिथे रिकामी जागा सोडायचीच नाही. चौकोन, त्यात एकात एक वर्तुळं, कोपरे भरलेले. फुलं, फळं, हंस. जणू वर कापडी चांदवा ताणलाय. हीच मांडणी जमिनीवर उतरवली की फुलांची रांगोळी तयार! रंग मात्र त्यांचेच घ्या: गेरूचा तांबडा, पिवळी माती, मातकट हिरवा, काजळी, पांढरा. निळा जपून, कारण त्यांचा निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा होता.

ही नक्षी उतरवून घेणाऱ्यांच्या नशिबी मात्र आगच आली. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं नकला करत बसला. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेच काम केलं. त्यातलीही बरीच चित्रं १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेली. तरी १८९६-९७ मध्ये त्याचं दोन खंडांचं पुस्तक निघालं आणि त्यातला एक खंड नुसत्या नक्षीकामाला दिला. या वेलबुट्ट्या पुढे जे. जे. च्या मातीच्या भांड्यांवरही उमटल्या. म्हणजे फुलदाणीवर अजिंठा आधी आला, फुलदाणीत अजून यायचाय.

जपानचा काम्पो अराई १९१७-१८ च्या सुमारास इथे येऊन नकला करून गेला. त्या १९२३ च्या भूकंपात टोकियोत जळाल्या. त्याच्या देशातली इकेबानाही बुद्धापुढे फुलं वाहण्यातूनच वाढली. दुसऱ्या लेण्यात पूजेचं साहित्य घेऊन निघालेल्या बायका बघा, म्हणजे ती वाट कुठून सुरू होते ते दिसेल.

आता कामाचं सांगतो. लेणी अमळनेरहून जळगावमार्गे एका दिवसात बघून होतात. आरास करण्याआधी एकदा जाऊन छताखाली उभे राहाच. आणि निळं कमळ दुपारनंतर मिटायला लागतं, तेव्हा अशी रचना सकाळच्या मुहूर्ताला धरा, रिसेप्शनला नको.