'लूट' गेली विलायतेला

गेल्या वर्षी लेकीला तिच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाहून घरी आणत होतो. हातात चॉकलेटं, पेन्सिली आणि स्टिकर्सनी भरलेली पिशवी. घरात शिरताच ती ओरडली, "आजी, ही बघ माझी लूट बॅग!" आपण टोरांटोकर या शब्दाला सरावलो आहोत. पण भारतातून नुकतीच आलेली आई दचकली. "अगं बाई, कुणाला लुटलंस?"

आईचा कान बरोबर होता. शब्द आपल्याकडचाच! संस्कृतातल्या 'लुण्ट्' म्हणजे लुबाडणे या धातूशी त्याचं नातं आहे. हिंदीत आणि मराठीत तो 'लूट' झाला. १७८८ साली लंडनमध्ये छापलेल्या 'इंडियन व्होकॅब्युलरी' या शब्दसंग्रहात तो सापडतो. पुढे कितीतरी वर्षं तो भारतातल्या इंग्रजांच्या बोलीतलाच शब्द होता. चीनचं अफूयुद्ध, क्रिमियाचं युद्ध आणि १८५७ चा उठाव यांतून तो इंग्लंडात घरोघरी पोचला, असं युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉबसन-जॉबसन' या कोशात नोंदलं आहे.

गंमत म्हणजे, कागदोपत्री लुटीला 'प्राइझ' म्हणत. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूच्या खजिन्याची हुद्द्याप्रमाणे वाटणी झाली. त्याचा लाकडी वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा नाशिकचं नाव मिरवणारा 'नासक' हिराही लंडनला जाऊन विकला गेला. माल गेला, आणि मालाबरोबर शब्दही गेला!

पण नुसतं इंग्रजांकडे बोट दाखवून चालणार नाही. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. सरकारी घोड्यावरचा स्वार तो आपला 'बारगीर'. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला, आणि तिथल्या अंगाईगीतात तो लुटारू म्हणूनच येतो. मराठ्यांच्या धास्तीने कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच 'मराठा डिच'. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात जी मोहीम असते, ती दुसऱ्याच्या अंगाईत लूट असते. मुलांना आपला इतिहास सांगताना हेही सांगायला हवं, असं मला वाटतं.

मात्र मराठीत या शब्दाला एक गोड बाजूही आहे. दसऱ्याला आपण आपट्याचं 'सोनं लुटतो'. कथा अशी की, रघुराजासाठी कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला, कौत्साने गुरुदक्षिणेपुरत्या चौदा कोटी मोहरा घेतल्या आणि उरलेलं सोनं लोकांनी लुटून नेलं. ही लूट हिसकावून घेतलेली नव्हे, मुक्तहस्ताने दिलेली.

आईने नातीला ही गोष्ट सांगितली. लेकीने क्षणभर विचार केला आणि पिशवीतलं एक चॉकलेट आजीच्या हातावर ठेवलं. "घे आजी, सोनं!"