हाली, कलदार आणि विश्वास
नांदेड-लातूरच्या बाजारपेठेतील चलनाचा मागोवा

दीपावलीच्या लक्ष्मीपूजनाला मराठवाड्यातील अनेक जुन्या घरांतून चोपडीशेजारी चांदीचे काही रुपये मांडले जातात. त्यांत राणीछाप रुपया असतो, पंचम जॉर्जचा असतो आणि बहुधा चारमिनारचे चित्र असलेला एक रुपयाही असतो. घरातील नव्या पिढीला तो परदेशी वाटतो. वस्तुतः तोच या भूमीचा रुपया होता. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर या पेठांचा व्यवहार ज्या नाण्यावर चालला, ते ‘हाली सिक्का’ नावाचे नाणे हेच होय. आज नव्या पिढीत आभासी चलनाविषयी कुतूहल आहे, जुनी नाणी जमविण्याचा छंद वाढतो आहे. अशा वेळी दोन चलनांच्या सीमेवर व्यापार केलेल्या पूर्वजांचा अनुभव समजून घेणे उद्बोधक ठरेल.

अनेक नाणी, एक बाजार

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामी मुलखात एकच एक नाणे नव्हते. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारात फिरत. चंदुलालांचे बंधू राजा गोविंदबक्ष यांच्या नावाचा ‘गोविंदबक्षी’ रुपया मराठवाड्यात प्रचलित होता. प्रत्येक नाण्याचे वजन व कस वेगळा. त्यामुळे रुपया हाती आला की प्रथम तो पारखावा लागे आणि त्यावर बट्टा द्यावा लागे. हा पारखीचा व्यवसाय ज्यांनी केला, त्यांच्या स्मृती पारख, सराफ, नाणावटी या आडनावांतून आजही टिकून आहेत.

पहिले सालारजंग हे १८५३ ते १८८३ या काळात हैदराबादचे दिवाण होते. त्यांनी ठिकठिकाणच्या टांकसाळींना आळा घालून नाणी पाडण्याचे काम हैदराबादेत एकवटले. १८५७ च्या उठावानंतर मोगल बादशहाचे नाव नाण्यावरून गेले आणि आसफजाहचे नाव आले. या नव्या रुपयाला ‘हाली’ म्हणजे ‘सध्या चालू असलेला’ असे नाव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी, मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, यंत्रावर पाडलेल्या रुपयावर चारमिनारचे चित्र आले. चारमिनारच्या कमानीत महबूब अलींच्या नावाचे आद्याक्षर ‘मीम’ असे. १९११ मध्ये मीर उस्मान अली खान गादीवर आल्यानंतर तेथे ‘ऐन’ हे अक्षर आले. घरातील नाणे कोणत्या निजामाचे, हे त्या एका अक्षरावरून आजही ओळखता येते.

सात हाली, सहा कलदार

निजामी हद्दीपलीकडे इंग्रजी रुपया चाले. यंत्रावर पाडलेला म्हणून त्यास ‘कलदार’ म्हणत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते (स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला) आणि त्याची मोठी शेजारपेठ बार्शी ही इंग्रजी सोलापूर जिल्ह्यात होती. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली आणि हा संबंध अधिकच घट्ट झाला. नांदेडच्या उत्तरेला वऱ्हाडातील उमरखेड, पुसद ही कलदारची गावे होती. कापूस, तेलबिया व धान्य हालीत खरेदी करावयाचे आणि मुंबई-सोलापूरकडे कलदारमध्ये विकावयाचे, हा येथील आडत व्यापाराचा नित्यक्रम होता. म्हणूनच जुन्या दस्तऐवजांत रकमेपुढे ‘सिक्का हाली’ की ‘कलदार’ हे आवर्जून लिहिलेले आढळते. तो एक शब्द राहिला तर रकमेचा सातवा हिस्सा वादात पडे.

कारण रूढ दर होता सात हालीस सहा कलदार. शंभर कलदारचे एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली होत. हा दर कोणाच्या लहरीने ठरलेला नव्हता. चारमिनार रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम व त्यात चांदी शेकडा ८१.८, कलदारचे वजन ११.६६ ग्रॅम व चांदी शेकडा सुमारे ९१.७. म्हणजे पहिल्यात शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम, तर दुसऱ्यात १०.६९ ग्रॅम. हे प्रमाण जवळजवळ नेमके सहास सात असेच येते. राज्ये दोन होती, परंतु तराजू एकच होता. बाजारात दर हंगामानुसार थोडा पुढेमागे होई. कापसाच्या खरेदीला हालीची मागणी वाढली की बट्टा बदले. पण त्याचे मूळ धातूत होते.

ज्याला हे त्रैराशिक तोंडपाठ, तो या बाजारात सुरक्षित राही. ज्याला ते येत नसे, तो कुणबी वा मजूर समोरच्याच्या सचोटीवर अवलंबून असे. येथे परंपरेतील एका शिकवणीचा संदर्भ अपरिहार्य ठरतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी वजनमापे वापरणे आणि अस्सलाच्या जागी नकली माल चालविणे यांचा समावेश आहे. शास्त्रकारांनी बाजारातील लबाडीला चोरीच्याच पंक्तीत बसविले. नाणेपारखीचे शास्त्रही या समाजाला परके नव्हते. दिल्लीच्या सुलतानांच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू या जैन श्रावकाने १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहून अनेक प्रांतांच्या नाण्यांचे वजन, कस व मूल्य नोंदवून ठेवले. भारतीय नाणेशास्त्रात या ग्रंथाचे स्थान अत्यंत मोलाचे मानले जाते.

कागदाचा रुपया

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. त्यातून १९१८ मध्ये हैदराबाद संस्थानाने स्वतःच्या नोटा काढल्या. प्रथम दहा व शंभराच्या, १९१९ मध्ये एक व पाचाच्या आणि १९२६ मध्ये हजाराच्या नोटा आल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कन्नड भाषांतही रक्कम छापलेली असे. १९४२ मध्ये हैदराबाद स्टेट बँकेचे कामकाज सुरू झाले व चलनाची व्यवस्था तिच्याकडे आली. नाणे वाजवून पाहण्याची सवय असलेल्या बाजाराला आता कागदावरील वचनावर विश्वास ठेवावयाचा होता. हा बदल लहान नव्हता. रुपयाचे मोल आता धातूत नसून राज्याच्या शब्दात होते.

१९४८ : चलनाची परीक्षा

त्या शब्दाची परीक्षा लवकरच झाली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. परंतु त्यानंतर निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात अवैध ठरविले आणि मौल्यवान धातू भारतात नेण्यावर निर्बंध घातले. हा राजकीय डाव होता, पण त्याची झळ सीमेवरील पेठांना बसली. ज्या व्यापाऱ्याचे देणे हालीत व येणे कलदारात, त्याच्या वहीची दोन पाने एकमेकांपासून तोडली गेली. रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबे सीमेपलीकडे गेली, तेव्हा जवळची रोकड घेऊन निघावे की मागे ठेवावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

याच काळात, जानेवारी १९४८ च्या अखेरीस, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी हल्ला करून लाखो रुपयांचा खजिना ताब्यात घेतला. निजामी सत्तेच्या आर्थिक बळावरच तो घाव होता. त्या रकमेचा हिशेब कसोशीने ठेवला गेला, याचा उल्लेख मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात आदराने केला जातो. बंदुकीच्या धाकाने घेतलेल्या पैशाचाही हिशेब द्यावयाचा असतो ही जाणीव त्या सैनिकांनी राखली. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाने ती स्मरणात ठेवावी अशी आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. राज्य बदलले, तिजोरीतील रुपया मात्र अद्याप निजामाचाच होता.

तीन हिशेब एका दशकात

त्यानंतर काय घडले, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. हाली एका रात्रीत रद्द झाला नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया त्याच्या बरोबरीने चालू झाला व सातास सहा हाच परिचित दर कायम राहिला. १९५१ पासून नवा हाली निघणे बंद झाले. तरी जुना चालत राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती येऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. अखेर १९५९ मध्ये हाली चलन पूर्णपणे रद्द झाले. म्हणजे त्या दशकात नांदेड वा लातूरच्या किराणा दुकानदाराला हाली, भारतीय रुपया-आणे-पै आणि नवे पैसे असे तीन हिशेब सांभाळावे लागले. ज्याच्या ठेवीत सातशे हाली होते, त्याच्या वहीत सहाशे रुपये जमा झाले. आकडा घटला, मोल घटले नाही. तथापि हे समजावून सांगणारा कोणी शेजारी नसेल, तर एखाद्या वृद्धेला आपले शंभर रुपये कोणी खाल्ले असेच वाटले असणार.

हाली सावकाश गेला, म्हणून लोकांना सावरता आले. चलन बदलणे राज्याच्या हाती असते. ते किती अवधी देऊन बदलावे, यावर सामान्यांचे सुखदुःख अवलंबून असते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्यानंतर बँकांपुढे लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. १९ मे २०२३ रोजी दोन हजाराची नोट मागे घेताना मात्र ती बदलून घेण्यास काही महिन्यांचा अवधी देण्यात आला.

नाण्यांचा छंद

रद्द झालेले बरेचसे चांदीचे हाली रुपये सराफांच्या मुशीत गेले. काही बंजारा भगिनींच्या अलंकारांत व वस्त्रांवर राहिले, काही देवघरात. आज संग्राहक जे शोधतात ते हेच उरलेले धन होय. या छंदास शास्त्राची जोड हवी. नाणे जुने म्हणून मौल्यवान नसते. दुर्मीळता आणि स्थिती यांवर त्याचे मोल ठरते. चिंच वा राखेने घासून चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाच्या दृष्टीने घटते. नांगराखाली वा घराच्या पायात सापडलेला ठेवा १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. जुन्या नाण्यांच्या खरेदीच्या नावाने रिझर्व्ह बँकेचा हवाला देऊन आगाऊ शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे. ज्यांना खरा अभ्यास करावयाचा आहे, त्यांच्यासाठी नाशिकजवळील अंजनेरी येथे १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.

संग्रह नेहमी पुरातनच असावा असे नाही. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ मध्ये भारत सरकारने पाच रुपयांचे नाणे काढले होते. तसेच २५५० व्या निर्वाण वर्षानिमित्त एप्रिल २०२४ मध्ये शंभर रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित झाले. घरातील मुलांना इतिहासाची गोडी लावण्यास अशी नाणी उत्तम साधन ठरतात.

जे हातात धरता येत नाही

आता थोडे आजच्या उत्साहाविषयी. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन हे आभासी चलन अस्तित्वात आले. त्याची एकूण संख्या २ कोटी १० लाखांपुढे जाणार नाही, अशी गणिती मर्यादा त्यात घातलेली आहे. हाली रुपयामागे चांदी होती, नोटेमागे राज्याचे वचन होते. येथे ना धातू, ना वचन, केवळ गणित आणि घेणाऱ्यांची श्रद्धा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९ हजार डॉलरपर्यंत चढला आणि वर्षभरातच १७ हजारांच्या खाली आला. पुढे तो पुन्हा चढला, हेही खरे. परंतु ज्याने मुलीच्या विवाहाची वा शिक्षणाची रक्कम मधल्या काळात त्यात गुंतविली, त्याला पुढे येणाऱ्या तेजीपर्यंत थांबण्याची सवलत नसते.

रिझर्व्ह बँकेने २०१३ पासून याबाबत सावधगिरीचे इशारे दिले. बँकांनी अशा व्यवहारांना सेवा देऊ नये, हे तिचे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करण्यास मनाई केली. कर लागला म्हणजे शासनाने हमी दिली, असा अर्थ नव्हे. जुलै २०२४ मध्ये भारतातील एका मोठ्या विनिमय मंचावरून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याची आभासी चलने चोरीस गेली, तेव्हा ठेवीदारांना बँकठेवीसारखे विमासंरक्षण नव्हते. याउलट १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ व्यवहारासाठी प्रायोगिक स्वरूपात आलेला ‘ई-रुपया’ हा रिझर्व्ह बँकेचाच रुपया आहे. त्याचे रूप तेवढे नवे.

नव्या वस्तूकडे पाठ फिरविणे हा व्यापारी समाजाचा स्वभाव कधीच नव्हता. तसे असते तर हालीवरून कलदारावर, चांदीवरून कागदावर व आण्यांवरून नव्या पैशांवर येथील पेढ्या पोहोचल्याच नसत्या. मात्र प्रत्येक वेळी त्यांनी नाणे हातात घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले. यात कस किती? यामागे कोण उभा आहे? आणि उद्या हे परत करावयाचे झाल्यास घेणार कोण? पडद्यावर लुकलुकणाऱ्या आकड्यालाही हेच प्रश्न लागू पडतात. लक्ष्मीपूजनाच्या तबकातील चारमिनारचा रुपया आज बाजारात काही विकत घेऊ शकत नाही. पण हे तीन प्रश्न तो दरवर्षी मूकपणे विचारीत असतो. पुढच्या दिवाळीत घरातील नातवाने त्याच्याविषयी विचारले, तर तबक आवरण्याची घाई न करता त्याला सातास सहाचे त्रैराशिक अवश्य घालावे.